डाग पुसण्याआधी स्कॅन नीट काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत मागच्या आठवड्यात एआयवर लेख आला होता, त्यात म्हटलं होतं की स्कॅन खराब आला तरी आता काळजीचं कारण नाही, कॉम्प्युटर तो साफ करून देतो. लेख चांगला होता, पण हे जे म्हटलंय ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याने आमच्या भागातल्या पेशंटचं नुकसान होऊ शकतं म्हणून हे पत्र लिहितोय. मी बेळगावात सीटी आणि एमआरआयवर टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काम करतोय, गाव खानापूर तालुक्यातलं. मी डॉक्टर नाही, रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, पण ज्या चित्रावरून रिपोर्ट लिहिला जातो ते चित्र आमच्या हातून तयार होतं, त्यामुळे ते कुठं आणि कसं बिघडतं हे आम्ही रोज बघतो.

स्कॅनमध्ये कधीकधी असं काहीतरी दिसतं जे पेशंटच्या अंगात नसतंच. त्याला आर्टिफॅक्ट म्हणतात. पेशंट हलला, अंगावर किंवा अंगात धातू होता, मशीनचा एखादा भाग बिघडला, नाहीतर आम्ही सेटिंग चुकीचं ठेवलं, यातलं काहीही कारण असू शकतं. एमआरआयमध्ये तर हे फार चटकन होतं, कारण एमआरआय म्हणजे मोबाईलसारखा क्लिक करून काढलेला फोटो नव्हे. एकेक सिक्वेन्स, म्हणजे चित्रांचा एकेक संच, तीन-चार मिनिटं चालतो, त्या वेळात मशीन थोडा थोडा सिग्नल गोळा करत असतं आणि गंमत अशी की त्यातल्या प्रत्येक तुकड्यात सगळ्या चित्राची माहिती असते. म्हणजे पेशंटने मधेच एकदा मान हलवली तर फक्त मानेजवळ बिघडत नाही, सगळ्या चित्रावर परिणाम होतो. श्वास किंवा नाडीसारखी हालचाल ठराविक वेळाने होत राहिली तर घडी घातलेल्या लुगड्याला डाग लागून उलगडल्यावर तो जसा सारख्या अंतरावर उमटलेला दिसतो, तसे त्या अवयवाचे फिकट ठसे चित्रभर उमटतात. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचा असा एक ठसा लिव्हरवर नेमका पडला की तो गाठीसारखा दिसतो. अनुभवी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन बघून रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर, ओळखतात, पण घाईत, रात्री, एका बसणीत पन्नास केसेस बघताना ओळखतीलच असं कसं सांगणार.

आमच्या तालुक्यातल्या एका शेतकरी काकांचं उदाहरण सांगतो. पाठदुखी म्हणून एका ठिकाणी मणक्याचा एमआरआय काढला, त्यात मज्जारज्जूच्या मधोमध वरून खाली एक बारीक पांढरी रेघ दिसली. कुणीतरी त्यांना सांगितलं मज्जारज्जूत पाणी साचलंय, मोठं ऑपरेशन लागेल, पाय जाऊ शकतात. माणूस हबकला, घरातली दुभती म्हैस विकायची गोष्ट सुरू झाली. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म हातात घेतल्या घेतल्या विचारलं की हा किती मॅट्रिक्सवर, म्हणजे किती बारीक ठिपक्यांत, काढलाय, आणि परत पाठवून तेवढाच भाग जास्त बारकाईने, दिशा बदलून काढायला सांगितला. रेघ गेली. जिथं एकदम काळं आणि एकदम पांढरं शेजारी येतं, म्हणजे इथं मज्जारज्जू आणि त्याच्याभोवतीचं पाणी, तिथं कमी डेटावर चित्र बनवलं की अशा खोट्या रेघा उमटतात, त्याला गिब्ज आर्टिफॅक्ट म्हणतात आणि तो पुस्तकात पहिल्या काही धड्यांतच असतो. डेटा कमी का घेतला? वेळ वाचवायला. एका पेशंटमागं चार मिनिटं वाचली की दिवसाकाठी एक-दोन पेशंट जास्त बसतात, एवढाच हिशेब.

हे काढून टाकायला कुठलाही एआय लागला नाही, चार मिनिटं जास्त लागली. माझं म्हणणं हेच आहे की बहुतेक आर्टिफॅक्टचा इलाज पेशंट टेबलावर असतानाच करता येतो, आणि तिथं तो केला तर पुढं पुसापुशी करायची वेळच येत नाही.

आता श्वासाचं बघा. पोटाच्या, छातीच्या स्कॅनला श्वास रोखून धरावा लागतो. सीटीत थोडे सेकंद, एमआरआयमध्ये एकेका वेळी पंधरा-वीस सेकंद. बऱ्याच सेंटरमध्ये मशीनमध्ये आधीच भरलेला आवाज लावून देतात, तो इंग्रजीत, नाहीतर हिंदीत. जांबोटी-कणकुंबीकडून आलेली सत्तरीची मावशी, जिने आयुष्यात कधी एवढं मोठं मशीन बघितलेलं नाही, ती त्या बोगद्यासारख्या भोकात आडवी, वरून कुठूनतरी एक अनोळखी बाई इंग्रजीत काहीतरी बोलते, ती श्वास रोखणार कशी? ती उलट विचारते, "काय म्हणालीस गं बाई?" आणि तेवढ्यात स्कॅन होऊन जातो. मग रिपोर्टमध्ये येतं, हालचालीमुळे फुफ्फुसाचा खालचा भाग नीट दिसत नाही, कृपया परत तपासणी करावी. दोष मावशीच्या नावावर.

आमच्याकडं वेटिंगच्या बाकावर शेजारी शेजारी मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारे बसलेले असतात, त्यात नवीन काही नाही. सीटी मशीनमध्ये आपला स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायची सोय असते. अर्ध्या तासाचं काम आहे. स्टाफमधल्या कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये, कुणी उर्दूत तीन वाक्यं बोलून ठेवायची, पेशंट बघून बटण दाबायचं. त्याच्याही आधी बाहेर खुर्चीवर बसवून दोनदा सराव करून घ्यायचा. मी म्हणतो, "मावशी, नाकातून मोठा श्वास घ्या, आता दम धरा, हलू नका, मी सोडा म्हणेपर्यंत." दोनदा केलं की भीती निम्मी जाते. कानाने कमी ऐकू येणाऱ्यांना दंडावर हात ठेवून खूण शिकवायची, सीटीत हात लावता येत नाही तर मशीनवर श्वासाच्या खुणेचे दिवे असतात ते आधी दाखवायचे.

निपाणीकडचे पेशंट येतात, तंबाखूच्या वखारीत नाहीतर विड्या वळण्यात जन्म गेलेल्या बायका, त्यांना पाच सेकंदसुद्धा दम धरवत नाही, खोकला येतो. अशा वेळी स्कॅन खालून वर घ्यावा. श्वासाने फुफ्फुसाचा खालचा भाग सगळ्यात जास्त हलतो आणि वरचा कमी, म्हणून खालचा भाग आधी घेऊन टाकायचा, म्हणजे दम सुटेपर्यंत मशीन वर पोचलेलं असतं. हे सगळं टेक्निशियनला माहीत असतं, करायला फक्त पेशंटकडं बघायची फुरसत पाहिजे.

धातूचं तर काय सांगू. ब्लाऊजला लावलेली सेफ्टीपिन, केसातला आकडा, बनियनच्या खिशातली किल्ली. लोखंडी पिन एमआरआयमध्ये ओढली जाते ते धोक्याचं आहेच, पण नुसती अंगाला चिकटून राहिली तरी चित्रात तिच्याभोवती मोठा काळा खड्डा पडतो आणि आजूबाजूचं सगळं वाकडं दिसतं. दातांच्या कॅपनेसुद्धा चेहऱ्याच्या स्कॅनमध्ये असं होतं. काजळ आणि मस्काऱ्यात लोहाचे कण असले तर डोळ्यांचं चित्र बिघडतं, म्हणून चेहरा धुवून या म्हणतो तर बायका रागावतात. मंगळसूत्राचा विषय नाजूक आहे, मी कुणालाही जबरदस्ती करत नाही. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण छातीच्या किंवा मानेच्या सीटीत त्या वाट्यांतून पांढऱ्या-काळ्या रेघा अशा फुटतात की शेजारची गाठ असली तरी दिसत नाही. घरातल्या मोठ्या बायकांनाच उपाय माहीत असतो, पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून तेवढ्यापुरतं गळ्यात घालायचं. हळकुंडाचा स्कॅनला काही त्रास नाही. हे आदल्या दिवशी फोनवर सांगितलं तर त्या तयारीने येतात, ऐन टेबलावर सांगितलं की रडारड होते.

आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांतल्या भावांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. फाउंड्रीत, लेथवर, ग्राइंडिंगवर काम केलं असेल आणि कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, भले दहा वर्षांपूर्वी, भले डॉक्टरने काढला असेल, तरी एमआरआयच्या आधी ते सांगा. डोळ्याचा साधा एक्स-रे काढून खात्री करतात. कण आत राहिला असेल तर चुंबकाने तो हलून नजर जाऊ शकते. बेळगावात बऱ्याच घरांतून कुणी ना कुणी कारखान्यात काम केलेलं असतं, इथल्या फॉर्मवर हा प्रश्न मोठ्या अक्षरात आणि मराठी-कन्नड दोन्हीत पाहिजे.

आता जिथं धातू काढताच येत नाही तिथलं. पुणे-बेंगळूरू हायवे निपाणीपासून कित्तूरपर्यंत आमच्या जिल्ह्यातून जातो, बाईकचे अपघात होतात, मांडीत रॉड, कमरेत स्क्रू घातलेले पेशंट रोज येतात. सीटीत एक्स-रे त्या रॉडमधून पलीकडं फारच कमी पोचतात, म्हणजे तिथली माहिती मशीनला जवळजवळ मिळतच नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं, रॉडमागच्या ज्या माहितीची जागा रिकामी राहिली ती आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने भरतं. रेघा कमी होतात, चित्र छान दिसतं, बऱ्याच वेळा उपयोगही होतो, आधी अजिबात न दिसणारी मूत्राशयाची भिंत दिसायला लागते. पण रॉडला अगदी चिकटून असलेलं हाड, जिथं रॉड ढिला झालाय का हे बघायचं असतं, नेमकं तिथंच हे सॉफ्टवेअर गडबड करतं. कधी ढिलेपणा झाकतं, कधी नसलेला दाखवतं. म्हणून नियम असा पाहिजे की दुरुस्त केलेलं चित्र आणि मूळ चित्र, दोन्ही डॉक्टरकडं गेली पाहिजेत. काही ठिकाणी फक्त सुंदर दिसणारं पाठवतात कारण मूळ चित्र बघून पेशंट म्हणतो, तुमचं मशीन खराब आहे.

एमआरआयला धातूवर अजून साधे उपाय आहेत. चुंबकाची ताकद टेस्लात मोजतात, तीन टेस्लाच्या मशीनपेक्षा दीड टेस्लावर धातूचा त्रास कमी होतो, त्यामुळे रॉड असलेल्या पेशंटने मोठं मशीन म्हणजे चांगलं मशीन असं समजून जास्त पैसे भरू नयेत. स्टीलपेक्षा टायटॅनियमचा त्रास कमी. म्हणून ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि त्यावर लावलेला इम्प्लांटचा स्टिकर जपून ठेवा, पाच वर्षांनी तो लागतो.

सॉफ्टवेअरने दुरुस्ती करणं वाईट असं मी म्हणत नाही, कुणी तसं घेऊ नये. सीटी जन्माला आली तीच दुरुस्ती सोबत घेऊन. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ले हॉस्पिटलात माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी झाला, सीटीचा शोध लावणाऱ्या हाउन्सफिल्ड यांच्या त्या मशीनमध्ये पेशंटचं डोकं रबरी टोपीत घालून भोवती पाणी ठेवायला लागायचं, कारण एक्स-रे कवटीतून जाताना त्यातले मऊ म्हणजे कमी ताकदीचे किरण आधी गाळले जातात आणि चित्रात खोटी सावली येते. भोवती पाणी असलं की हा फरक आटोक्यात राहायचा. पुढं ही दुरुस्ती गणिताने करता यायला लागली, पाणी गेलं. यात लपवाछपवी काही नाही, कारण बिघाड का होतो हे नेमकं माहीत आहे, मोजता येतं, आणि तेवढंच वजा केलं जातं. एमआरआयमध्ये सिग्नल पकडणाऱ्या कॉइलजवळचा भाग जास्त उजळ आणि लांबचा काळपट येतो, तो सारखा करायची एन-फोर नावाची पद्धत २०१० मध्ये आली, संशोधनात ती फार वापरतात, तीही अशीच. हलणाऱ्या पेशंटसाठी प्रोपेलर म्हणून पद्धत १९९९ मध्ये आली, तिच्यात चित्राचा मधला भाग पुन्हा पुन्हा मोजला जातो, त्यामुळे पेशंट कधी आणि किती हलला हे मशीनला कळतं आणि तेवढं सरळ करता येतं. कंपवात असलेल्या आजोबांना याचा फार फायदा होतो, मी स्वतः वापरतो.

पण या सगळ्यात माहिती मोजलेली असते. जिथं मोजलेलीच नाही तिथं एआयने भरली तर ती माहिती नव्हे, अंदाज आहे, भले हजारो स्कॅन बघून शिकलेला अंदाज असो. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक स्पर्धा घेतली, एमआरआयचा चौथा हिस्सा किंवा आठवा हिस्साच डेटा द्यायचा आणि त्यावरून मेंदूचं पूर्ण चित्र बनवायचं. चित्रं बघायला रेडिओलॉजिस्ट बसवले होते. बरीच चित्रं उत्तम होती, पण काहींमध्ये मुळात नसलेल्या रचना तयार झालेल्या सापडल्या. आणि त्या धूसर नव्हत्या, अगदी स्वच्छ, खऱ्यासारख्या. मला भीती हीच वाटते. हललेला स्कॅन बघितल्या बघितल्या कळतं की हा खराब आहे, डॉक्टर सावध होतात. साफ केलेला स्कॅन सावध करत नाही. जुना खराब स्कॅन निदान खरं तरी सांगायचा की मला नीट दिसलेलं नाही.

मशीनच्या बाजूच्या गोष्टी थोडक्यात. सीटीत गोल गोल कडी दिसली तर एक्स-रे पकडणारा एखादा डिटेक्टर बिघडलाय किंवा कॅलिब्रेशन, म्हणजे मशीनची मापं जुळवणं, झालेलं नाही, सकाळी पेशंट घेण्याआधी ते करायचं असतं पण रांग बघून काही ठिकाणी टाळतात. एमआरआयवर आडव्या-उभ्या ठिपक्यांची रेघ आली तर बाहेरच्या रेडिओ लहरी आत शिरल्यात, बऱ्याचदा दार नीट लागलेलं नसतं. त्या दाराला पत्रा उगाच नसतो, तो या लहरी अडवायलाच असतो. नातेवाईकांनी मधेच दार उघडून "झालं का हो" विचारू नये ही कळकळीची विनंती आहे, काच आहे, काचेतून हात करा.

छातीत दुखतं म्हणून साधा सीटी काढला की हृदयाजवळची महाधमनी ठोक्यासरशी हलते आणि तिची कड दुहेरी दिसते, ती फाटल्यासारखी वाटते. पेशंटला तातडीने हुबळी नाहीतर कोल्हापूरला न्यायची पळापळ सुरू होते. ईसीजीशी जोडून स्कॅन घेतला तर कड एकच दिसते. शंका असली तर ही सोय कुठं आहे हे विचारायचा पेशंटला हक्क आहे. अर्थात डॉक्टर म्हणाले थांबू नका तर थांबू नका, तिथं आपलं डोकं चालवू नये.

सेंटर चालवणाऱ्यांना सांगायचंय की एका एमआरआयला पंधरा मिनिटं धरून वेळापत्रक करू नका. पाठदुखीचा पेशंट पंधरा मिनिटांत नीट झोपतसुद्धा नाही. गुडघ्याखाली उशी द्यायला, कानात बोळे घालायला, आता तीन मिनिटं खडखड आवाज येईल मग थांबेल हे सांगायला वेळ लागतो, आणि तो वेळ दिला तर स्कॅन परत काढायला लागत नाही. सीटी परत काढणं म्हणजे पेशंटच्या अंगावर परत रेडिएशन, ते फुकट नसतं. टेक्निशियनचा पगार आणि शिकवणी यावरही बोलायला पाहिजे पण ते वेगळं पत्र होईल.

रिपोर्टमध्ये एक ओळ सक्तीची करावी, स्कॅनचा दर्जा कसा होता आणि दुरुस्तीचं किंवा एआयचं सॉफ्टवेअर वापरलं का. काही रेडिओलॉजिस्ट आत्ताही लिहितात, त्यांचं कौतुक. सगळ्यांनी लिहावं. ज्या सेंटरने बाहेर "एआय एमआरआय" असा मोठा बोर्ड लावलाय त्यांना तर हे लिहायला काहीच अडचण नसावी.

पेशंटनी एक करावं, स्कॅनची सीडी मागून घ्यावी. आमच्याकडची पद्धत अशी की फिल्म ट्यूबलाईटपुढं धरायची, मोबाईलने फोटो काढायचा आणि मिरजेच्या नाहीतर कोल्हापूरच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲप करायचा. त्या फोटोत ट्यूबची चमक येते, बोटांचे ठसे येतात, फोटो पाठवताना व्हॉट्सॲप तो अजून बारीक करतं, म्हणजे चांगल्या स्कॅनवर आपण घरी बसून नवीन डाग तयार करतो. शिवाय फिल्मवर डॉक्टरना उजेड-काळोख कमीजास्त करून बघता येत नाही, सीडीतल्या मूळ फाइलमध्ये ते येतं, फुफ्फुसासाठी वेगळं, हाडासाठी वेगळं. सीडी द्यायला कुणी टाळाटाळ केली तर शांतपणे पण ठामपणे मागा, स्कॅन तुमच्या शरीराचा आहे आणि पैसे तुम्ही भरलेत. आणि धातूची दुरुस्ती केली असेल तर सीडीत मूळ चित्रंही टाकली का, हे तिथंच काउंटरवर विचारून घ्या, कारण काही दिवसांनी मशीनच्या मेमरीतून जुना डेटा काढून टाकतात आणि मग मागून मिळत नाही.

आपला नम्र,
एक सीटी-एमआरआय टेक्निशियन
ता. खानापूर, जि. बेळगाव